सत्तावीस वर्षांनी

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेले भाषण)



समितीचा मला निरोप होता, 'तू कॉम्प्युटरमधली आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या यावर वीस मिनिटं बोल.' मी हो म्हटलं होतं. स्लाइडही तयार आहेत, पेन ड्राइव्ह पर्समध्ये आहे. पण परवा पुण्याहून येताना रात्रभर गाडीत विचार केला आणि विषय बदलला. नोकऱ्यांचं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी जेवताना विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगेन. ते फार नाही.

मी आज एका भुताच्या सिनेमाबद्दल बोलणार आहे. सर, हसू नका. आठवीत तुम्हीच माझ्या दप्तरातून नारायण धारपांचं पुस्तक काढून घेतलं होतं आणि आठ दिवसांनी परत दिलं होतं. आठ दिवस का लागले, ते वर्गाने तेव्हाच ओळखलं होतं.

सिनेमाचं नाव 'इट'. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची याच नावाची हजारावर पानांची कादंबरी १९८६ मध्ये आली. १९९० मध्ये तिच्यावर तिकडच्या टीव्हीसाठी दोन भागांचा चित्रपट झाला. त्यात टिम करी या नटाने विदूषकाचं सोंग घेतलेलं भूत केलं. मग २०१७ मध्ये अँडी मुशिएटी या दिग्दर्शकाने तीच गोष्ट पुन्हा, मोठ्या पडद्यासाठी केली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मुलांनी तो मोबाइलवर पाहिलेला असणार. गटारीच्या तोंडातून पांढऱ्या चेहऱ्याचा जोकर बघतो आणि रेनकोटातल्या पोराला बोलावतो, ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल.

गोष्ट थोडक्यात सांगते. डेरी नावाचं एक लहान गाव आहे. तिथे साधारण दर सत्तावीस वर्षांनी काहीतरी जागं होतं आणि मुलं नाहीशी व्हायला लागतात. ते ज्याच्या त्याच्या भीतीचं रूप घेतं. सात पोरं, सगळी चिडवली जाणारी, त्याच्याशी लढतात आणि शपथ घेतात की, हे पुन्हा आलं तर आपण सगळे परत येऊ. मग मोठी होतात, पांगतात, पैसे मिळवतात. सत्तावीस वर्षांनी त्यांना फोन येतो.

आता बघा. कादंबरीत १९५८ आणि १९८५. मधे सत्तावीस वर्षं. टीव्हीवरचा १९९०, सिनेमा २०१७. सत्तावीस. तिकडच्या चाहत्यांनी यावर फार चर्चा केली. आणि आपली दहावी मार्च १९९६, आज २०२३. आपल्या मॉनिटरचा मला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. 'ओळखलंस का?' म्हणाला. मी ओळखलं नव्हतं. 'अगं, हजेरी घेणारा,' म्हणाला. तेव्हा आवाज ओळखीचा झाला, आणि त्याच क्षणी खडूचा वासही आला.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भिडलेला मुलगा माइक आहे. सातातले सहा जण गाव सोडतात. माइक राहतो. कादंबरीत तो गावच्या ग्रंथालयात नोकरी करतो. जे गाव सोडून गेले ते लहानपणीचं सगळं विसरतात, एकमेकांची नावंसुद्धा. जो राहिला त्याला सगळं आठवतं, आणि फोन करायचं काम त्याच्याकडे येतं. किंगने हे भूतबाधेच्या खात्यात टाकलं आहे. मला विचाराल तर त्यात भूतबाधा काहीच नाही. मी आधी नांदेडला, मग हैदराबादला, मग पुण्याला गेले आणि कुणी काही न करता विसरले. आपला मॉनिटर इथे कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याला कोण कुठल्या बाकावर बसायचं ते आजही पाठ आहे.

आता आपल्या काळाबद्दल. आपण आठवीत होतो तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीत होतो आपण. जिल्हा १ मे १९९९ ला झाला. स्टेशनवर मीटरगेजची गाडी यायची. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. आपल्याकडे मोठं नुकसान झालं नाही, पण भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली, आणि नंतर कितीतरी रात्री सगळी गल्ली अंगणात झोपली. रोज संध्याकाळी कुणीतरी 'आज रात्री परत येणार हाय' अशी बातमी आणायचं. त्या रात्रींत मोठी माणसं कधी नव्हे ती आपल्याइतकीच घाबरलेली मी पाहिली.

त्याच अंगणात एक मुलगी आम्हाला गोष्टी सांगायची. आपल्या वर्गातली. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायची. तिचं नाव मी घेणार नाही. छापायचं नाही असं तिनेच सांगितलं आहे. तुमच्यातल्या मुलींना आत्ताच कळलं असेल कोण ते.

आपल्या शाळेचं वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. बाई शनिवारी उघडायच्या. त्यात धारपांची चार-पाच पुस्तकं होती, हाताळून कणकेसारखी मऊ झालेली. एकाचं तर कव्हरही गेलेलं आणि शेवटची पानंही. ते तिने नेलं, वाचलं आणि आम्हाला अंगणात सांगितलं. पण कसं? पुस्तकातला वाडा तिने औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका पडक्या चिरेबंदी घरात नेला. डॉक्टर होता त्याचा तिने आपल्या गल्लीतला कंपाउंडर केला. विहीर मात्र तशीच ठेवली, कारण विहिरी आपल्याकडे भरपूर. शेवटची पानं नव्हती म्हणून शेवट तिने स्वतः केला, आणि दर वेळी वेगळा. एकदा मी म्हटलं, 'काल तर तू म्हणालीस पोरगी वाचली.' तर म्हणाली, 'काल वाचली. आज न्हाई वाचली.'

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, पण धारपांनीही तेच केलेलं होतं. त्यांची 'शपथ' ही कादंबरी किंगच्या 'इट'वर बेतलेली, 'लुचाई' ही किंगच्याच 'सालेम्स लॉट'वर. त्यांची 'आजी' ही कथासुद्धा किंगच्या एका कथेवरून आली आणि पुढे राही बर्वे यांच्या 'तुंबाड' सिनेमाला तिचा आधार मिळाला. हे कळल्यावर मराठी वाचकांत दोन तट पडतात, मी दोन्ही बाजूंची भांडणं ऐकली आहेत. एकांना फसवल्यासारखं वाटतं. दुसरे म्हणतात, असू दे, आम्हाला इंग्रजी येत नव्हतं तेव्हा कंदिलाच्या उजेडात हे आम्हाला कुणी आणून दिलं? मी दुसऱ्या तटातली आहे, पण पहिल्यांचं म्हणणं खोटं नाही. मूळ लेखकाचं नाव आतल्या पानावर ठळक छापलं असतं तर धारप काही लहान झाले नसते. गोष्ट आपल्या मातीत आणायला काय लागतं ते मी त्या अंगणात बघितलेलं आहे.

मी इंजिनिअरिंगला गेले त्या वर्षी, १९९८ मध्ये, झी टीव्हीवर 'वो' नावाची मालिका चालू होती. तीही 'इट'वरूनच केलेली. आशुतोष गोवारीकर त्यात होते, अजून 'लगान' व्हायचा होता. विदूषकाचं काम लिलिपुट यांनी केलं होतं. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये एक टीव्ही, आणि त्याच्यासमोर पन्नास मुली. मला ते प्रेक्षक अजून आठवतात. पहिल्या भागाला सगळ्या हसल्या. जोकर आपल्याकडे भ्यायची गोष्टच नव्हती. आपण दसऱ्याच्या प्रदर्शनात रामलीला मैदानावर मौत का कुआँ बघायला जायचो, सर्कशीत बुटका जोकर पडला की पोट धरून हसायचो. अमेरिकेत मुलांच्या वाढदिवसाला घरी जोकर बोलावतात, म्हणून तिथे तो दारातून आत आलेला परका माणूस असतो. आपल्याकडे तो तंबूत असतो आणि तिकीट काढून आपण त्याच्याकडे जातो. पण तीन-चार भागांनंतर मेसमधलं हसणं कमी झालं, आणि मुली रात्री बाथरूमला जोडीने जायला लागल्या. लातूरकडची एक मुलगी मात्र बघायलाच यायची नाही. आम्ही तिला भित्री म्हणून चिडवायचो. पुढे कळलं की भूकंपात तिच्या घरची माणसं गेली होती. आमच्या चिडवण्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही.

मग २०१७. पुण्याला आमच्या टीमने शुक्रवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली. टीम म्हणजे बावीस ते तीस वयाची पोरं आणि त्यांच्यात मी, एका मुलीची आई. तो सिनेमा जगभर धो धो चालला. सत्तर कोटी डॉलरच्या वर कमाई झाली, भुताच्या सिनेमाला ही फार मोठी गोष्ट. थिएटर भरलेलं होतं. जिथे जोकर अंगावर येतो तिथे सगळे किंचाळायचे आणि लगेच हसायचे. किंचाळून झाल्यावर शेजारच्याकडे बघून हसायचं, हे सगळ्या थिएटरात सारखंच असतं, टुरिंग टॉकीजमध्येही होतं. इंटरव्हलमध्ये चर्चा झडली. एक म्हणाला, 'कॉन्ज्युरिंग जास्त भारी होता.' एकाने कादंबरी वाचलेली होती, तो वैतागलेला, 'माइकचं काम काढून बेनला दिलं, गावाचा इतिहास शोधणारा माइक असतो!' एकाने जुना टीव्हीवरचा पाहिला होता. त्याच्या मते टिम करीची सर या नव्या जोकराला नाही, कारण तो निदान माणसासारखा दिसायचा, हा तर पहिल्या सेकंदापासूनच राक्षस. तर सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, 'सर, जुना मी यूट्यूबवर बघितला, कार्टून वाटतो.'

माझं मत असं झालं की, तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्याने तुम्हाला घाबरवलं तोच तुमचा खरा जोकर. नंतर कितीही पैसे घालून दुसरा बनवला तरी तो नक्कल. यावर वाद घालून उपयोग नाही. (आमच्या मुलीच्या पिढीचा जोकर बहुतेक मोबाइलमध्येच बसलेला असणार. असो.)

पण मला तुम्हाला दोन प्रसंग सांगायचे आहेत, ज्यांना थिएटरात कुणीही किंचाळलं नाही.

पहिला. बेन नावाच्या जाड्या मुलाला टारगट पोरांनी पुलावर धरलं आहे, चाकू काढला आहे. एक गाडी येते. आत म्हातारं जोडपं. मुलगा 'वाचवा' म्हणून ओरडतो. ते बघतात, आणि गाडी पुढे निघून जाते. गाडीच्या मागच्या सीटवर एक लाल फुगा दिसतो. बस, एवढंच. चार सेकंद. माझ्या शेजारचा पॉपकॉर्न खात होता.

दुसरा. त्या सात जणांत एकच मुलगी आहे, बेव्हर्ली. तिचा बाप तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ते आपण इथे बोलू नये इतकं वाईट आहे. एका रात्री तिच्या बाथरूममधल्या बेसिनमधून रक्त उसळतं, भिंती, आरसा, छत सगळं लाल. बाप दारात येतो. विचारतो, काय झालं. त्याला रक्त दिसत नाही. तो त्या लाल खोलीत उभा राहतो आणि त्याला काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती मित्रांना बोलावते. तिला भीती असते की त्यांनाही दिसणार नाही. त्यांना दिसतं. मग ती पोरं फडकी आणि बादल्या घेऊन ती खोली पुसून काढतात. एकही प्रश्न न विचारता.

इथे मी रडले. भुताच्या सिनेमात टीम लीडर रडते आहे, हे पोरांना फार विनोदी वाटलं. सोमवारी ऑफिसमध्ये त्यावरून माझी चेष्टा झाली. मी हसण्यावारी नेलं. का रडले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढे दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, दुसरा भाग आला. त्यात ती मुलं चाळिशीची होऊन परत येतात. जवळपास तीन तासांचा सिनेमा. पहिल्याइतका चालला नाही, आणि लोक कंटाळल्याचंच मी ऐकलं. माझीही टीम गेली नाही, मी एकटी गेले. मला तो पहिल्यापेक्षा बरा वाटला असं नाही, लांबलेलाच आहे. पण चाळिशीतली माणसं चायनीज हॉटेलात टेबलाभोवती बसतात, एकमेकांची पोटं सुटलेली बघून हसतात, आणि हळूहळू त्यांना आठवायला लागतं, तो प्रसंग बघा. आज सकाळी चहाच्या टेबलाशी आपलं तेच चाललं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने तो सिनेमा घरी लावला. ती आता चौदा वर्षांची आहे. जोकरला ती हसली, 'ग्राफिक्स बरं आहे' म्हणाली. बापाचा प्रसंग आला तेव्हा तिने रिमोट घेऊन पुढे पळवला. मग थोड्या वेळाने, दुसरंच काहीतरी चालू असताना, म्हणाली, 'आई, पण त्या मुलीच्या वर्गात बाकीच्या मुली असतील ना? त्या काय करत होत्या?'

मी म्हटलं, 'कोण जाणे.' आणि स्वयंपाकघरात गेले.

त्या मुली काय करत होत्या ते मला माहीत आहे. नववीची परीक्षा झाली, १९९५ चा मे महिना. तिसऱ्या बाकावरच्या आपल्या मैत्रिणीचं लग्न झालं. पंधरा पूर्ण नव्हती. आपल्यातले निम्मे त्या लग्नात जेवले. मीही जेवले. दोन शिक्षकही होते. मुलीचं लग्नाचं वय अठरा हा कायदा १९७८ पासून होता, आणि नागरिकशास्त्राच्या पेपरात मी ते लिहून मार्क मिळवले होते. तिच्या लग्नात ते मला आठवलंसुद्धा नाही. नवरी मंडपात बसली होती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, गोष्ट सांगायच्या आधी बघायची तशीच बघते आहे. मी हात हलवला आणि पंगतीला गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंनी मला खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसवलं. मला आनंद झाला होता. वारा यायचा तिथे. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या सप्टेंबरात गणपती दूध प्यायला, आठवतं? २१ सप्टेंबर १९९५. अर्धी शाळा वाटी-चमचा घेऊन देवळासमोर रांगेत. ती असती तर तिने त्यावर काय गोष्ट रचली असती, असं मला रांगेत एकदा वाटलं. त्यानंतर ती मला वीस-बावीस वर्षं आठवली नाही. अजिबात नाही. आमच्या धंद्यात एक प्रकार असतो: जुना दोष कुणीतरी 'बंद' असा शेरा मारून फाइल मिटवलेली असते, दुरुस्त कुणीच केलेला नसतो. तो दोष तिथेच असतो.

सर, बाई, मी तुम्हाला दोष द्यायला उभी नाही. तुम्ही तरी एकट्याने काय करणार होतात, तेव्हा घरोघर तेच होतं. पण दिसत होतं, आणि आपण गाडी पुढे नेली. मी तर मागच्या सीटवरच होते.

स्नेहमेळाव्याची यादी आली तेव्हा तिचं नाव नव्हतं. मी मॉनिटरला फोन केला. तो म्हणाला, यादी दहावीच्या बोर्डाच्या निकालावरून केली आहे. बरोबरच आहे, 'दहावीची बॅच' म्हटल्यावर दुसरं काय करणार. मग त्यानेच शाळेतून नववीचा हजेरीपट मागून घेतला आणि रात्री बसून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. आठ नावं कमी निघाली. पाच मुली, तीन मुलगे. त्या तिघांतला एक आता मुंबईला टॅक्सी चालवतो, एक ऊसतोडीला जायचा, तो वारला. एकाचा पत्ता लागला नाही. मुलींतल्या दोघी आज इथे आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्यात. त्यांना पुढे या म्हणावं असं मला फार वाटतं, पण त्या तिथेच बऱ्या आहेत म्हणतात.

आणि तिच्याबद्दल विचारलं तर मॉनिटर म्हणाला, 'ती कुठं गेलीय? औंढ्याच्या पुढं गाव आहे तिचं. खत न्यायला माझ्याच दुकानात येती. हळदीचं बियाणं यंदा माझ्याकडूनच नेलं.' मी म्हटलं, 'तू कधी बोलला नाहीस.' तो म्हणाला, 'तुम्ही कोणी कधी विचारलं?'

त्याने नंबर दिला. मी तीन दिवस फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला. मी नाव सांगितलं, पलीकडे थोडं शांत. मग, 'खिडकीशी कोण बसलं गं मग?' असा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, 'मीच बसले.' तर हसली. 'बरं झालं. तुला उकडायचं लई.'

खूप बोललो. तिला दोन मुलं, एक मुलगी. मुलगी नांदेडला नर्सिंगला आहे, लग्नाचं अजून नाव काढायचं नाही असं घरात सांगून ठेवलंय तिने. सासू तीन वर्षं बोलत नव्हती त्यावरून. नवरा माणूस बरा आहे म्हणाली, 'पण तवा मला ठाव नव्हतं ना बरा हाय का वाईट. पंधरा वर्साच्या पोरीला काय ठाव असतंय.' मी काहीतरी बोलायला गेले, माफीसारखं. तिने बोलू दिलं नाही. 'तू काय करणार होतीस? तू पण पोरगीच हुतीस. पर एकदा घराकडं यायचं हुतं गं. माहेरी आले की मी वाट बघायची. नागपंचमीला आले, दिवाळीला आले. कोणी आलं न्हाई.'

तिचं माहेर माझ्या घरापासून चार घरं होतं.

मग मी विषय बदलायला म्हटलं, तो जोकरचा इंग्रजी सिनेमा पाहिलास का. तिच्या मुलाने मोबाइलवर दाखवला होता, हिंदीत. मी विचारलं, भीती वाटली का. ती म्हणाली, 'त्या जोकराला काय भ्यायचं? पोरं भ्यायली, म्या न्हाई. पर त्या पोरीचा बाप बघितला का तू? त्याला रगत दिसत न्हाई बघ. तिथं मला भ्या वाटलं. आन् ती पोरं फडकं घेऊन येत्यात, तिथं म्या मोबाइल बंद केला. मला पुढचं बघवंना.'

थिएटरात बावीस जण होतो आम्ही, सगळे इंजिनिअर. त्यांच्यापैकी एकाने ते बघितलं नव्हतं.

मी तिला आजच्या कार्यक्रमाला ये म्हटलं, गाडी पाठवते म्हटलं. नाही म्हणाली. कापूस वेचणीला आला आहे, बायका मोठ्या मुश्किलीने मिळाल्यात, त्यांना सोडून येणार नाही. 'आन् माझं नाव बिव छापू नका. आमच्या घरात वाचत्यात आता सगळे.' या भाषणाचं टिपण मी तिला फोनवर वाचून दाखवलं आहे. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणजे पडकं घर औंढ्याच्या रस्त्यावर नव्हतं, कळमनुरीच्या रस्त्यावर होतं. ते मी मुद्दाम तसंच ठेवलं, कारण मला औंढ्याच्याच रस्त्यावरचं आठवतं. दुसरी दुरुस्ती तिच्या नवऱ्याबद्दल होती, ती केली आहे.

ते कव्हर नसलेलं पुस्तक तिच्याकडेच आहे. शाळेत परत गेलंच नाही, लग्नाच्या ट्रंकेत गेलं. बाई, त्याचा दंड काय होईल तो मी भरते. शेवट कोणता खरा, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'फोनवर न्हाई सांगायची. इकडं ये.'

आज जेवण झाल्यावर मी आणि आपला मॉनिटर तिच्या गावाला निघणार आहोत. औंढा मार्गे साधारण तास-सव्वा तास लागेल. संध्याकाळी वेचणी संपली की ती घरी असते. गाडीत अजून तिघांची जागा आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी तीन वाजता गेटपाशी थांबावं.